पाठ्यपुस्तकातला 'आपण' कोण? वंश, जात आणि राष्ट्र यांचे चित्रण तपासण्याची एक पद्धत

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत मी आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवत होतो. एका मुलाने हातातल्या गाईडमधील उतारा मोठ्याने वाचला. 'गुन्हेगार जमातींचा बंदोबस्त करण्यासाठी सरकारने कायदा केला' असे एक वाक्य त्यात होते. गावाबाहेरच्या पारधी पालावरून येणारा एक मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याने ते वाक्य ऐकले, वही मिटली आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो, कारण त्या वाक्यात नेमके काय चुकले आहे हे मला त्या क्षणी सांगता येत नव्हते. ती खंत अजून गेलेली नाही.

पुढे एकदा मी ते वाक्य कागदावर उतरवले आणि व्याकरणाच्या तासाला करतो तसे त्याचे कर्ता, कर्म, विशेषण असे तुकडे केले, तेव्हा दोष दिसला. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि पुढे तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू केला. हा ठपका सरकारने ठेवलेला होता. वाक्याने मात्र तो त्या जमातींचे विशेषण करून टाकला. 'ज्या जमातींना ब्रिटिश सरकारने गुन्हेगार ठरवले' एवढेच लिहिले असते, तर त्या मुलाला मान खाली घालावी लागली नसती. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला आणि त्याची आठवण म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळला जातो, ही माहितीही त्या उताऱ्यात नव्हती.

पाठ्यपुस्तकाने वंशाविषयी, जातीविषयी आणि राष्ट्राविषयी काय सांगितले आहे, हे धड्याच्या शीर्षकावरून किंवा शेवटच्या सुविचारावरून कळत नाही. ते वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कोणते, विशेषण कोणी कोणाला दिले आणि 'आपण' या शब्दात कोणाला धरले आहे, यावरून कळते. ही तपासणी कोणताही शिक्षक, पालक किंवा अध्यापक विद्यालयातील विद्यार्थी घरी बसून करू शकतो. त्यासाठी पेन्सिल, शंभर पानी वही आणि सलग दीड-दोन तास एवढेच लागते.

आधी पुस्तक समोर घ्यावे

पाठ्यपुस्तकांविषयीचे वाद बहुतेक वेळा पुस्तक न उघडताच चालतात, म्हणून पहिला नियम असा की ऐकीव वाक्यावर मत बनवू नये. महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासूनची राज्य मंडळाची पुस्तके बालभारती तयार करते. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. पुस्तक उघडल्यावर धड्याकडे जाण्यापूर्वी सुरुवातीची पाने वाचावीत. प्रथमावृत्ती कोणत्या वर्षाची, हातातले पुनर्मुद्रण कोणत्या वर्षाचे, विषय समितीवर आणि अभ्यासगटात कोण आहेत, चित्रकार व नकाशाकार कोण, हे सारे तिथे छापलेले असते आणि ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावे. पुनर्मुद्रणाचे वर्ष नोंदवले नाही, तर पुढे आपण ज्या वाक्यावर आक्षेप घेतो ते आधीच बदललेले असण्याचा संभव राहतो.

शक्य झाल्यास त्याच इयत्तेचे एखादे जुने पुस्तकही मिळवावे. साताऱ्यात किंवा सांगलीत रद्दीच्या दुकानांत, शाळेच्या ग्रंथालयातील मागच्या कपाटात, नाहीतर घरातल्या माळ्यावर वीस-तीस वर्षांपूर्वीचे पुस्तक बहुधा सापडते. दोन पुस्तके शेजारी ठेवली की बदल आपोआप दिसू लागतात, आणि बदल दिसला म्हणजे पुस्तक हे माणसांनी लिहिलेले असते आणि माणसे ते पुन्हा लिहू शकतात याचीही खात्री पटते. गाईड आणि पाठ्यपुस्तक यांत गल्लत मात्र करू नये. मुलांच्या हातात गाईड अधिक वेळ असते, म्हणून तेही तपासावे, पण त्याची नोंद वेगळी ठेवावी.

याच पहिल्या पानांवर प्रतिज्ञा असते. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली आणि तेथून ती देशभरच्या पुस्तकांत गेली. इंग्रजी प्रतिज्ञेत सारे भारतीय माझे भाऊ आणि बहिणी आहेत असे शब्द आहेत. मराठीत 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' एवढेच आहे. 'बांधव' या शब्दात बहिणी येतात की नाही, हा प्रश्न सहावीतल्या एका मुलीने मला विचारला होता. रोज सकाळी परिपाठात म्हटल्या जाणाऱ्या वाक्यातही पाहण्यासारखे काही असते, हे मी तिच्याकडून शिकलो.

वही आखून एक धडा घ्यावा

संपूर्ण पुस्तक एकदम तपासायला घेऊ नये. एक धडा निवडावा आणि वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर पाच रकाने आखावेत. वाक्यात कोणाचा उल्लेख आहे, त्याच्या वाट्याला कोणते क्रियापद आले आहे, कोणते विशेषण आले आहे, काळ कोणता आहे आणि त्या पानावरील चित्रात तो समूह कसा दिसतो, हे ते पाच रकाने होत. प्रत्येक वाक्य उतरवण्याची गरज नाही. ज्या वाक्यात माणसांच्या समूहाचे नाव येते तेवढीच घ्यावीत. पहिल्या खेपेस काहीही ठरवू नये, फक्त भरत जावे.

क्रियापदाचा रकाना सर्वांत आधी बोलू लागतो. काही समूह धड्यात 'स्थापन करतात', 'उभारतात', 'लढतात', 'लिहितात'. काहींच्या वाट्याला 'त्यांना देण्यात आले', 'त्यांचा उद्धार झाला', 'त्यांची सोय करण्यात आली' अशी, करणारा दुसराच कोणी असलेली रचना येते. नमुन्यादाखल असे वाक्य घ्या: 'समाजसुधारकांनी दलितांसाठी शाळा काढल्या.' वाक्य खोटे नाही. पण धड्यातील अशी सर्व वाक्ये याच घडणीची असतील, तर दलित समाजाने स्वतः काही केले हे मुलाला कळणारच नाही. महार समाजातील निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे लेखी गाऱ्हाणे मांडले, किंवा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने एका मुलाने प्रवेश घेतला, या वाक्यांत कर्ता त्या समाजातलाच आहे. ती धड्यात आली की त्याच समाजाचे चित्र बदलते. त्या शाळेला आज छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव आहे आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या गावापासून एसटीने तासाभरावर असलेली ही वास्तू किती मुलांनी पाहिली आहे, हे वर्गात एकदा विचारून पाहावे.

विशेषणांचा उगम शोधावा

विशेषणांच्या रकान्यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण तिथे जुनी वसाहतवादी वर्गवारी अजून जिवंत सापडते. 'लढवय्या', 'काटक', 'भोळे', 'आळशी', 'कष्टाळू', 'बंडखोर' ही विशेषणे एकेका माणसाला लागतात तोवर ठीक. संपूर्ण जातीला, जमातीला किंवा प्रदेशाला लागली की ती कोठून आली हे पाहावे.

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. या शौर्याविषयी आदर बाळगूनच पुढचे म्हणणे मांडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्कराने भारतीयांची 'लढाऊ वंश' आणि 'बिगर-लढाऊ वंश' अशी विभागणी केली. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स तिचे मोठे पुरस्कर्ते होते. शौर्य रक्तातून येते, म्हणून भरती ठराविक समूहांतूनच करावी, असे हे मत होते. याच धोरणातून १८९० च्या दशकाच्या आरंभी महार समाजाची लष्करभरती बंद झाली. ज्या समाजाच्या पिढ्या कंपनीच्या फौजेत लढल्या, तो एका फर्मानाने 'बिगर-लढाऊ' ठरला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यात राहिले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. रक्त तेच होते, माणसे तीच होती आणि बदलले होते ते सरकारचे धोरण. म्हणून एखाद्या धड्यात 'ही जमात मूळचीच शूर' असे वाक्य आले, तर ते स्तुतीचे असले तरी खूण करावी. एकाला जन्माने शूर म्हटले की दुसऱ्याला जन्माने भित्रा म्हणण्याची वाट मोकळी होते.

नावेही विशेषणांसारखीच असतात. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे समांतर सरकार चालले त्याला कोणी 'प्रतिसरकार' म्हणतात, कोणी 'पत्री सरकार'. पहिला शब्द त्याची राजकीय बाजू दाखवतो, दुसरा तळपायाला पत्री मारण्याच्या शिक्षेची आठवण देतो. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. सरकारच्या लेखी तो दरोडा होता, आपल्या लेखी ते स्वातंत्र्यकार्य. मुलांना हे सांगावे की 'दरोडेखोर' आणि 'गुन्हेगार' हे शब्द त्या काळी एकाच लेखणीतून उतरत होते. मग आपण नाना पाटलांवरचा शिक्का पुसला आणि पारध्यांवरचा तसाच ठेवला, तो का? हा प्रश्न वर्गात मांडला की मुले बराच वेळ बोलत राहतात. (नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र, वाटेगाव ही आज सांगली जिल्ह्यातील गावे त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होती. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुना मजकूर वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.)

'वंश' हा शब्द आला की थांबावे

आर्य, द्रविड, मंगोल ही नावे पाठ्यपुस्तकांत आणि विशेषतः स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत अजून वंश म्हणून येतात. येथे शिक्षकाला थोडी पूर्वतयारी लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'आर्य' आणि 'द्रविड' ही आधुनिक अभ्यासात मुळात भाषाकुलांची नावे आहेत. ज्या भाषापंडित माक्स म्युलर यांच्या लेखनामुळे आर्य हा शब्द जगभर गेला, त्यांनीच पुढे १८८८ मध्ये स्पष्ट बजावले की आर्य रक्त किंवा आर्य कवटी असे बोलणे हे एखाद्या शब्दकोशाच्या डोक्याचा आकार मोजण्याइतकेच चुकीचे आहे. तरीही १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी-लांबी मोजून भारतीयांचे सात वंशप्रकार पाडले आणि आपल्याकडील ब्राह्मण आणि कुणबी यांना एकत्रच 'शक-द्रविड' या खान्यात बसवले. १९३१ च्या जनगणनेच्या वेळी मानववंशशास्त्रज्ञ बी. एस. गुहा यांनी वेगळे सहा वंश मांडले, आणि ती यादी परीक्षार्थी आजही पाठ करतात. एका शास्त्रज्ञाला सात दिसतात, दुसऱ्याला सहा, यावरूनच ही खानेसुमारी किती तकलादू होती हे कळावे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहिले की जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वांशिक नाते दाखवता येत नाही, मात्र पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच मुळाचे आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी काही वर्षे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये कवट्या मोजून प्रबंध लिहीत होत्या आणि त्यांचा निष्कर्ष त्यांच्या मार्गदर्शकांच्या वंशवादी गृहीतकाच्या विरुद्ध गेला. १९५० मध्ये युनेस्कोने वंशभेदाला वैज्ञानिक आधार नसल्याचे निवेदन काढले. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले की माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात. म्हणजे कराडच्या बाजारात शेजारी शेजारी भाजी विकणाऱ्या दोन बायकांतला फरक, हा कराड आणि केनिया यांच्यातल्या सरासरी फरकाहून मोठा असू शकतो.

स्थलांतराचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो मिटवून टाकू नये. २०१९ मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. हरियाणातील राखीगढी येथील हडप्पाकालीन स्त्रीच्या जनुकांत मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नाही, असे एकाने दाखवले. तसा अंश इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात भारतीय उपखंडात आला, असे दुसऱ्याने दाखवले. दोन्हींच्या लेखकांत काही नावे समान आहेत. धड्याने यांतील एकच अर्धा भाग सांगितला असेल, तर दुसरा अर्धा समासात लिहून ठेवावा. माणसे आली, मिसळली आणि भाषा पसरल्या असे म्हणणे हा इतिहास आहे. अमुक वंश श्रेष्ठ होता म्हणून जिंकला, असे म्हणण्याला मात्र कोणताही पुरावा नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. मिसिसिपीच्या काठचा गुलाम आणि कृष्णेच्या काठचा शूद्र यांचे दुःख एका पानावर आणणारा हा विचार मराठीत दीडशे वर्षांपूर्वी झाला होता. फुल्यांनीही आर्य बाहेरून आले या तेव्हाच्या सिद्धान्ताचा उपयोग केला, तर आंबेडकरांनी १९४६ मध्ये तोच सिद्धान्त नाकारला. दोघांनाही समता हवी होती आणि दोघांनी वंशाच्या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले, हे नववी-दहावीच्या मुलांना सहज समजते आणि ते सांगायलाच हवे.

काळ आणि चित्र

आमच्या पिढीने भूगोलात एस्किमो, पिग्मी, बुशमन यांचे जीवन वाचले. 'ते शिकार करतात, ते कातडी पांघरतात, ते भटकतात.' ही सारी वाक्ये रीती वर्तमानकाळात होती. आपल्या गावाविषयीच्या धड्यात 'पूर्वी बैलगाडी होती, आता रस्ते झाले' असा काळ बदलत होता, त्यांच्या धड्यात कधीच नाही. ज्यांना फक्त वर्तमानकाळ दिला जातो त्यांना इतिहास नाही असे मूल मानू लागते. आदिवासींच्या धड्यात हीच तपासणी करावी. त्यांच्या घरात वीज, शाळा, मोबाइल, न्यायालयातील दावा यांपैकी काही आहे, की फक्त नृत्य आणि धनुष्यबाण?

चित्रांसाठी धड्याचा मजकूर झाकून पाहावे. कोण उभे आहे, कोण बसले आहे, कोणाच्या हातात पुस्तक आहे, कोणाच्या हातात झाडू, खलनायकाचा रंग नायकापेक्षा गडद केला आहे का, 'भारतीय कुटुंब' म्हणून काढलेल्या चित्रात कोणता पेहराव आहे आणि ईशान्य भारतातील मूल सणाच्या पोशाखाशिवाय कोठे दिसते का, एवढे मोजावे. २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निदो तानिया या तरुणाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात आणावा अशी शिफारस केली होती. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली मुले मणिपूरच्या सहकाऱ्याला 'चिनी' म्हणतात, त्याचे मूळ कोठे तरी या न काढलेल्या चित्रात आहे.

चित्र किती बोलते हे सांगली-मिरजेला वेगळे सांगायला नको. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत प्रतापगडच्या प्रसंगाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल उसळली होती. १० नोव्हेंबर १६५९ चा तो प्रसंग मुले लहान इयत्तेत शिकतात. तो शिकवताना दोन्ही बाजूंची सारी माणसे सांगावीत. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, महाराजांच्या निवडक सोबत्यांत सिद्दी इब्राहिम होता आणि पुढे त्यांच्या आरमारात दौलतखान होता. ती सांगितली की तो प्रसंग दोन धर्मांचा न राहता दोन सत्तांचा होतो, आणि तो मुळात तसाच होता.

सिद्दी (म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेली माणसे) या शब्दावर आणखी थोडे थांबण्यासारखे आहे. जंजिऱ्याचा सिद्दी आणि पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर शत्रू म्हणून आपल्या ओळखीचे आहेत. पण इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्तबगार वजीर झालेला मलिक अंबरही हबशीच होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा दख्खनेत त्याच्या जमीनमहसूल पद्धतीचा दबदबा होता. आफ्रिकेतून आलेली माणसे आपल्या इतिहासात दोन्ही बाजूंना आहेत, हे सांगितले की 'काळा म्हणजे परका' हा समज धड्यापुरता तरी टिकत नाही.

'आपण' आणि 'ते' मोजावेत

आता पुन्हा धडा घ्यावा आणि 'आपण', 'आपला', 'आपले पूर्वज', 'परकीय', 'ते', 'त्यांचे' या शब्दांवर गोल करावेत. प्रत्येक 'आपण' च्या समोर समासात लिहावे की येथे कोण धरले आहेत: सर्व भारतीय, सर्व मराठी माणसे, सर्व हिंदू, सर्व शेतकरी, की फक्त पुरुष. बऱ्याचदा एकाच पानावर हा शब्द तीन वेळा अर्थ बदलतो. पहिल्या परिच्छेदात 'आपण' म्हणजे भारतीय असतात, तिसऱ्यात नकळत मराठे होतात आणि पाचव्यात वारकरी. लेखकाचा हेतू वाईट असतोच असे नाही, पण ज्या मुलाचे घर त्या तिसऱ्या वा पाचव्या 'आपण' मध्ये बसत नाही त्याला ते ताबडतोब कळते.

दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचा धडा या मोजणीसाठी उत्तम आहे. १८९३ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर त्यांना गाडीतून उतरवले, हे सर्वांना माहीत असते. धड्यात गोरे येतात, भारतीय येतात. पण ज्यांचा तो देश होता ते आफ्रिकी लोक कितव्या वाक्यात येतात, हे शोधावे. दहावीच्या भूगोलात भारताबरोबर ब्राझीलचा अभ्यास आहे. तेथील संमिश्र लोकसंख्येचा भाग शिकवताना चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे गुलाम करून त्या देशात नेली गेली आणि गुलामगिरी तेथे १८८८ मध्ये संपली, हे दोन वाक्यांत सांगता येते. त्याशिवाय 'संमिश्र' हा शब्द मुलांना भेळेसारखा वाटतो.

आपण कोण, हे दुसऱ्याने लिहून दिले म्हणजे काय होते याचे उदाहरण साताऱ्यातच आहे. १८१८ नंतर येथे रेसिडेंट (कंपनी सरकारचे प्रतिनिधी) असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. सह्याद्रीतील वाळक्या गवताला वणवा लागावा तसा मराठ्यांचा उदय झाला, असे चित्र त्यांनी रंगवले. त्याचे मराठी भाषांतर निघाले आणि मराठी मुले आपलाच इतिहास त्यातून वाचू लागली. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यातील चुका पुराव्यानिशी दाखवल्या आणि १९०० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी वणव्याच्या उपमेऐवजी समाजाच्या दीर्घ तयारीचे चित्र उभे केले. ग्रँट डफ यांनी कागदपत्रे कष्टाने जमवली होती, तेही नाकारू नये. आज दहावीच्या इतिहासात वसाहतवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी आणि वंचितांचा इतिहास असे इतिहासलेखनाचे प्रवाह शिकवले जातात. कीर्तन्यांनी ग्रँट डफना जे प्रश्न विचारले, तेच आजच्या धड्याला विचारण्याची शिकवण त्या प्रकरणात आहे, आणि म्हणूनच चार गुणांसाठी ते प्रकरण घाईत उरकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गावाशी ताडून पाहावे आणि मुलांना सोबत घ्यावे

वही भरून झाली की धड्यातील समाज आणि आपल्या गावातील समाज यांची तुलना करावी. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारी शिकलगार घराणी आहेत. तेथील मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ (चादर) चर्मकार समाजाचा असतो. खंडाळा तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. राष्ट्रीय एकात्मतेच्या धड्यात जेथे 'विविधतेत एकता' एवढाच घोष आहे, तेथे यांतील एक गोष्ट वर्गात जोडली तर त्या शब्दाला हाड-मांस येते.

मुलांबरोबर हे करताना एक पथ्य कसोशीने पाळावे. वर्गातील कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करून उभे करू नये. 'तुमच्यात काय म्हणतात, सांग' हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी त्या मुलाला सर्वांसमोर वेगळे काढतो. त्याऐवजी वाक्य फळ्यावर लिहावे आणि ते दुरुस्त करायला सर्वांना सांगावे. चौथी-पाचवीतल्या मुलांना चित्रे मोजू द्यावीत, सातवी-आठवीतल्यांना विशेषणे, नववी-दहावीतल्यांना कर्ता आणि काळ. पालकांकडून हरकत येण्याची शक्यता असते, म्हणून मुख्याध्यापकांना आधी वही दाखवावी.

स्वतःविषयीही दक्षता हवी. आपल्या समाजाला झुकते माप मिळावे म्हणून केलेली मोजणी लगेच ओळखू येते. एका धड्यावरून संपूर्ण पुस्तकाला नावे ठेवू नयेत. पाने मोजकी असतात, वय लहान असते आणि लेखकाला काही गाळावेच लागते. चांगले आढळले तर तेही त्याच तपशिलाने नोंदवावे.

पत्र लिहिताना

आक्षेप पक्का झाला की तो बालभारतीला लेखी कळवावा. एका पत्रात एकच मुद्दा असावा. इयत्ता, विषय, पुनर्मुद्रणाचे वर्ष, पृष्ठ क्रमांक, ओळ आणि मूळ वाक्य जसेच्या तसे लिहावे. त्याखाली काय चुकते हे दोन-तीन वाक्यांत सांगावे, आधार द्यावा आणि मग आपण सुचवत असलेले वाक्य लिहावे. सुचवलेले वाक्य मूळ वाक्याहून फार लांब नसावे, कारण छापील ओळीत ते बसायला हवे. 'भावना दुखावल्या' हे शब्द टाळावेत. त्या शब्दांनी पत्राचा वाद होतो, तर पुराव्याने दुरुस्ती होऊ शकते. पत्रावर शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या समाजांतील शिक्षकांच्या वा पालकांच्या सह्या असाव्यात.

पत्राची प्रत आणि पोच वहीत चिकटवावी. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवी पुस्तके वर्गात येतात, तेव्हा कव्हर घालण्यापूर्वी तेच पान उघडून तीच ओळ वाचावी आणि तारीख टाकून नोंद करावी. वाक्य बदलले नसेल, तर शिकवताना आपण सुचवलेले वाक्य फळ्यावर मूळ वाक्याच्या शेजारी लिहावे आणि दोन्ही मुलांना उतरवून घ्यायला सांगावे.